गेर ओसरल्यावर

रंगपंचमीला सकाळी दहानंतर इंदुरात शहाणा माणूस राजवाड्याकडे गाडी घालत नाही. टोरी कॉर्नरकडून, मल्हारगंजातून एकेक गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. टँकरवर बसवलेले पंप तिसऱ्या मजल्यापर्यंत रंगीत पाणी फेकतात, आणि गुलालात समोरचा माणूस दिसत नाही, तिथे राजवाडा कुठून दिसणार? होळकरांच्या काळापासून हे असंच चालत आलंय. पण बाहेरगावच्या पाहुण्यांना मी आवर्जून दाखवतो तो गेरीनंतरचा तास. शेवटची गेर पुढे सरकते न सरकते तोच तिच्या मागून नगर निगमाचे सफाई कामगार येतात, शेकडोंनी. हातात लांब दांड्याचे झाडू, मागे झाडणारी यंत्रं, त्यामागे पाण्याचे बंब. एका पायाच्या चपला, फाटलेले सदरे, पिशव्या, रंगाचा चिखल, सगळं गोळा होतं. संध्याकाळी त्याच रस्त्यावर लोक सराफ्याच्या दिशेने निघालेले असतात, खायला.

या तासाला मंडप नसतो, प्रमुख पाहुणे नसतात, ‘पर्यावरण’ हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. माझ्या मते इंदूर निगमाचा सगळ्यात चांगला पर्यावरणाचा कार्यक्रम हाच.

बाकी कार्यक्रमांना इथे तोटा नाही. स्वच्छतेच्या चळवळीची सुरुवातच मुळी कार्यक्रमांनी झाली. उघड्यावर बसणाऱ्यांना हुसकावायला शिट्ट्या फुंकणाऱ्या पोरांची वानरसेना, ‘डिब्बा गँग’, शाळाशाळांत शपथा, आणि मग शानच्या आवाजातलं ते गाणं, जे कचऱ्याच्या पिवळ्या गाडीवर ऐकून ऐकून आमच्या गल्लीतल्या पोपटालाही पाठ झालं असावं. मालिनी गौड महापौर आणि मनीष सिंह आयुक्त होते तेव्हाची ही गोष्ट. 2017 मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मग वर्षामागून वर्ष येतच राहिलं. पण गाण्यामुळे आलं, असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं. गाणं वाजत होतं त्या गाडीमुळे आलं. गाडी रोज यायची, ठरल्या वेळी यायची, आणि ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवरचा माणूस सरळ परत करायचा. आमच्या शेजारच्या काकू पहिले दोन महिने त्याच्याशी भांडल्या. आता सुनेने बटाट्याच्या साली चुकीच्या डब्यात टाकल्या तर तिच्याशी भांडतात. त्या साली जातात देवगुराडियाला. तिथे 19 फेब्रुवारी 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेला प्रकल्प आहे. दिवसाला 550 टन ओला कचरा पचवायची त्याची क्षमता, आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावतात. म्हणजे शपथेच्या मागे गाडी होती आणि गाडीच्या मागे कारखाना.

पुढचे कार्यक्रम मी याच हिशेबाने बघत आलो.

22 सप्टेंबर 2023, शुक्रवार. महापौर पुष्यमित्र भार्गव यांच्या निगमाने ‘नो कार डे’ जाहीर केला. साहेबलोक बसने कचेरीत गेले, कुणी सायकल काढली, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत फोटोच फोटो. उत्साह खोटा नव्हता. इंदूरकराला काहीतरी सगळ्यांनी मिळून करायचं म्हटलं की मनापासून आवडतं, मग ते पोहे असोत की उपवास. पण शनिवारी सकाळी गाडी घरी ठेवून जायचं कशाने? राजीव गांधी चौकापासून निरंजनपूरपर्यंत साडेअकरा किलोमीटरचा बसचा स्वतंत्र मार्ग होता, 2013 पासून. त्याच्यावर टीका पुष्कळ झाली, काही रास्तही होती: मधल्या दोन रांगा रिकाम्या आणि बाजूला मोटारींची कोंडी, हे दृश्य मीही पाहिलंय. पण त्याच रिकाम्या रांगेतून बस भराभर जायची, म्हणून तर कॉलेजची पोरं आणि दुकानांतले नोकर तिच्यात बसायचे. नोव्हेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो काढायची घोषणा केली, 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली आणि कठडे उखडायला सुरुवात झाली. वर्षातून एक दिवस मोटारीविना आणि उरलेले दिवस बसच्या मार्गाविना, असा हा जमाखर्च.

झाडांचंही तसंच. 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजच्या टेकड्यांवर चोवीस तासांत 11 लाखांहून अधिक रोपं लावली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. केंद्रीय गृहमंत्री आले होते. खड्डे आधीपासून खणलेले, रोपांच्या रांगा, शाळांच्या बस, जवान, बचत गटांच्या बायका. एवढी माणसं एका दिवशी एका टेकडीवर नेणं, त्यांना पाणी पाजणं आणि घरी आणून सोडणं ही सोपी गोष्ट नाही, आणि ते इंदूरलाच जमावं. माळव्यातला शेतकरी मात्र रोपाचं वय लावल्याच्या दिवसापासून मोजत नाही, पहिला वैशाख निभावला की मोजतो. विक्रमाच्या दिवसाची मोजणी जगाला कळली. मला त्या टेकडीवर दर मे महिन्यात अशीच जाहीर मोजणी हवी आहे, पाहुण्यांसकट.

आणि इकडे भर शहरात एक रान आपोआप वाढलं होतं. सेठ हुकुमचंदांची कापडगिरणी 1991 मध्ये बंद पडली. अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून आम्ही ज्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघत आलो, त्या अशाच गिरण्यांच्या कामगारांच्या. मालक गेले, यंत्रं गेली, कामगारांची देणी तीसेक वर्षं अडकली. ती चुकती व्हायला 2023 चा डिसेंबर उजाडला. या सगळ्या काळात 42 एकरांच्या आसपासच्या त्या जागेत पिंपळ, कडुलिंब, बाभळी वाढत राहिल्या. ना शपथ, ना फीत. आता जागा हाउसिंग बोर्डाकडे आहे आणि तिथे इमारतींचा आराखडा आला, तेव्हा 2025 मध्ये नागरिक फलक घेऊन उभे राहिले. शहरातल्याच राणी सराईच्या झाडांसाठी, तिथे मुक्कामाला येणाऱ्या पोपटांसाठीही उभे राहिले. हाही लोकसहभागच की! फक्त निमंत्रणपत्रिकेवरचा नाही, त्यामुळे त्याला मंडप मिळत नाही.

आता पाण्याचं. ते लिहिताना हात जड होतो. नर्मदेचं पाणी इंदुरात आलं ते 1970 च्या आंदोलनामुळे; शहर रस्त्यावर उतरलं होतं. 1978 पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर अंतर कापून, डोंगर चढवून ते येतं. त्या पंपांचं विजेचं बिल कमी व्हावं म्हणून निगमाने 2023 मध्ये हरित रोखे काढले, 244 कोटींचे, आणि निगमाने मागितले त्याहून कितीतरी जास्त पैसे लोकांनी देऊ केले. याला मी खरा सहभाग म्हणतो. 2021 मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून आमचा सत्कारही झालेला. आणि 2025 च्या डिसेंबरअखेरीस शहरातल्याच भागीरथपुरा वस्तीत त्याच नळांतून सांडपाणी मिसळलेलं पाणी आलं, शेकडो आजारी पडले, माणसं दगावली. मुख्य वाहिनीवर, पोलीस चौकीजवळ, वर शौचालय आणि खाली गळती, असं निघालं. पाण्याला वास येतोय, रंग बदललाय, हे वस्तीतले लोक आधीपासून सांगत होते. त्यांचा तो ओरडा म्हणजे जनजागृतीच होती. जागं व्हायचं होतं ते कचेरीने.

म्हणून निगमाला माझी एक सूचना आहे. पुढच्या 5 जूनला, पर्यावरण दिनी, सायकल फेरी नको. प्रत्येक वॉर्डात एक टेबल मांडा. पाण्याच्या आणि गटाराच्या वाहिन्यांचा नकाशा भिंतीवर लावा, कोणती नळी किती सालची ते त्यावर लिहा. लोक घरून बाटलीत नळाचं पाणी आणतील, ते तिथल्या तिथे तपासून आकडा फळ्यावर मांडा, पार्षदाच्या सहीसकट. जिथे आकडा वाईट, तिथे खोदाई कधी, ती तारीखही फळ्यावर. खर्च एका मंडपाइतकाही येणार नाही. प्रमुख पाहुणे बोलवायचेच असतील तर जरूर बोलवा, आणि चहाआधी त्यांच्या पुढ्यात त्याच वॉर्डातल्या नळाचा एक पेला ठेवा.