नियम माझा, चूल तिची?



दशलक्षण पर्व झाले, क्षमावणीही झाली. सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणून झाले, तेव्हा आता थोडे कडू बोलायला हरकत नाही. माझ्यापासूनच सुरुवात करते.

गेल्या वर्षी पर्वाच्या आठव्या दिवशी, म्हणजे उत्तम त्याग धर्माच्या दिवशी, आमच्याकडे सात पाने होती. माझे एकाशन, तेही बिनमिठाचे. ह्यांना मधुमेह. पर्वासाठी आलेल्या जाऊबाईंना सीलियाक, गव्हाचा कणही चालत नाही. मोठ्या नातीने गायीला त्रास नको म्हणून दूध-तूप सोडलेले. मुलगा म्हणाला, "मी कंदमूळ पाळत नाही, मला बटाट्याची भाजी हवी." धाकटा नातू पोळीशिवाय जेवत नाही. सातवी सून. तिला काय हवे ते कुणी विचारलेच नाही.

तिने सहा जणांचे सहा प्रकार केले. दुपारी अडीचला मी सामायिक करून उठले, तर ती ओट्याशी उभी राहून कढईला चिकटलेली भाजी पोळीने पुसून खात होती. त्यागाचा दिवस माझा होता आणि त्याग तिने केला होता.

क्षमावणीला तिने माझ्या पाया पडून म्हटले, "आई, माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा." मला उत्तर सुचले नाही. मी बी. कॉम. झालेली बाई, चाळीस वर्षे घरचा जमाखर्च लिहिते. पण हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. पुण्य माझ्या नावावर जमा आणि कष्ट सुनेच्या नावे! असा ताळेबंद दिसायला जुळतो, पण तो खोटा असतो.

आपल्यात नियम घेणाऱ्या बाईचे कौतुक होते, आणि ते व्हावेच. पण नियम घेतला की घराने आपल्याभोवती फिरावे, हे आपण कुठून आणले? शास्त्रातून तर नक्कीच नाही. श्रावकाच्या अकरा प्रतिमा आपण पाठशाळेत पाठ केल्या. त्यातली शेवटची, सर्वांत वरची कोणती? उद्दिष्टत्याग. खास आपल्यासाठी केलेले अन्न न घेणे. म्हणजे शेवटच्या पायरीवर जे सोडायचे, ते आपण पहिल्या पायरीवर उभ्या राहून मागतो आहोत!

महाराजांचे बघा. आहाराला निघताना ते मनात विधी धरतात. कुणाला सांगत नाहीत. विधी मिळाला तर आहार, नाही तर मुकाट्याने परत. आणि आपण? आदल्या रात्रीच सुनेच्या हातात यादी देतो. रसपरित्यागाचेही तसेच. मीठ सोडले, गूळ सोडला, आणि त्या बदल्यात दुसरे काहीतरी चवीचे करून मागितले, तर तो परित्याग नव्हे, ती फर्माईश झाली.

शिवाय आरंभाचा विचार करा. सहा प्रकार म्हणजे सहा वेळा गॅस, सहा भांडी, तितके पाणी, तितकी चिराचिरी. मी बटाटा खात नाही म्हणून मान ताठ ठेवायची आणि माझ्यामुळे वाढलेला आरंभ मोजायचा नाही? कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींचा दोष लागतो असे आपणच मुलांना शिकवतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेले 'कारित' नव्हे काय?

कुणी म्हणेल, "मग नियम करणाऱ्याला घरच्यांनी साथ द्यायची नाही का?" जरूर द्यावी. पण साथ ही देणाऱ्याने द्यायची असते. मागून घेतली की ती वेठ होते.

म्हणून यंदा मी वहीत तीन खाती पाडली. गरज, नियम आणि आवड. जाऊबाईंचा गहू आणि ह्यांची साखर ही गरज. तिथे अख्ख्या स्वयंपाकघराने वाकायचे, कुरकुर न करता. माझे मीठ आणि नातीचे दूध हा नियम. तिथे ज्याचा नियम त्याने वाकायचे. बटाट्याची भाजी आणि पोळी ही आवड. तिने दहा दिवस दम धरायचा. मुलगा दोन दिवस फुगला. नातू तिसऱ्या दिवशी भाकरी कुस्करून खायला लागला.

स्वयंपाक एकच केला, सगळ्यांत कडक नियमाला धरून. ज्वारीची भाकरी, पण ज्वारी घरीच दळलेली, कारण गिरणीत आधी गहू दळलेला असतो. तुरीची आमटी आमसुलाची, बिनगुळाची. फोडणीत हिंग नाही, कारण बाजारच्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ असते. तेलावरची दुधीची भाजी, भात, आणि गोडाला नारळाच्या दुधातली तांदळाची खीर. मीठ घालण्याआधी माझी वाटी मीच बाजूला काढायची. तूप, गूळ, चटणी वाट्यांतून मध्ये ठेवली. ज्याला चालते त्याने घ्यावे. ह्यांनी खीर घेतली नाही, भाकरी मोजून घेतली. भाकऱ्या मी थापल्या, पाने मुलाने घेतली.

आणि सून सगळ्यांबरोबर पाटावर बसली. लग्नाला सतरा वर्षे झाली, पर्वात ती गरम भाकरी खाताना मी पहिल्यांदा पाहिली. ही ओळ लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते.

आहार देताना आपण मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी म्हणतो. त्यात मन पहिले आहे. दमून, चिडून, गिळून टाकलेल्या रागात शिजलेले अन्न सोवळ्यातले असले म्हणून शुद्ध होत नाही.

आता कार्तिकात अष्टाह्निका येईल. नियम जरूर घ्या. पण घेण्याआधी स्वयंपाकघरात जा, आणि जी उभी असेल तिला विचारा, "तू काय खाणार आहेस?"

जय जिनेंद्र.