देणे मुदतीत, येणे मोकाट

असोसिएशनच्या सभासदांकडून या महिन्यात आलेल्या पत्रांत बेदाण्याच्या दराबद्दल अवाक्षर नाही. सगळी रड अडकलेल्या पेमेंटची. सांगलीच्या एका अडत्याने विचारले आहे, ‘लघुउद्योगाच्या ‘उद्यम’ नोंदणीचे सर्टिफिकेट पेढीत फ्रेम करून लावले आहे, मग परपेठेतला खरेदीदार 45 दिवसांत पैसे का देत नाही?’

कारण ते सर्टिफिकेट त्यासाठी नाहीच! 2 जुलै 2021 च्या आदेशाने घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती फक्त बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. 45 दिवसांची मुदत, उशिरावरचे चक्रवाढ व्याज, थकलेल्या बिलाबद्दलचा आयकराचा नियम, यातले काहीही आपल्या बिलाला लागू नाही. उलट खोकी पुरवणारा लघुउद्योजक असेल तर त्याचे बिल लेखी करार असल्यास फार तर 45, नसल्यास 15 दिवसांत भागवायचे. नाहीतर 31 मार्चला थकलेली रक्कम आपल्याच उत्पन्नात धरली जाते. शेतकऱ्याची पट्टी बाजार समितीच्या नियमाने तातडीने द्यायची. जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. खरेदीदार बुडाला तर भरलेला करही बुडाला. कर्ज काढताना आपण लघु, वसुलीला निघालो की लघु नाही! हा शोध लावणाऱ्या साहेबांनी एकदा तासगावच्या सौद्याला येऊन बसावे.

साहेब येणार नाहीत. तोवर आपल्या वह्यांकडे बघू. बेदाण्याला वायदा नाही. रंग, मणी, गोडी प्रत्येक लॉटची वेगळी, त्यामुळे ‘कालचा दर’ म्हणतात तो दुसऱ्याच मालाचा असतो. तरी कोल्ड स्टोअरेजमधल्या मालावर उधारी देताना आपण तोच दर धरतो. मोठा खरेदीदार हात वर करतो तेव्हा त्याचा सगळा माल एकदम सौद्यात उतरतो आणि उरलेले दोघे-तिघे पाडून मागतात. किलोमागे 20 रुपये तुटले तरी दहा टनांवर दोन लाख गेले. तारणाची खरी किंमत धरायची ती त्या दिवसाची.

शिवाय एकच खरेदीदार सात अडतींवर उधार उचलतो आणि प्रत्येकाला वाटते, आपले थोडेच आहे. बेरीज कुणी करत नाही, कारण येणे सांगितले तर पत जाते म्हणे! दिवाळीला सौदे बंद ठेवून सगळी उधारी चुकती करायची, त्या ‘शून्य पेमेंट’ला चार दिवसांची उसनवारी करून खाते कोरे दाखवायचे, सौदे उघडले की पुन्हा उधार माल उचलायचा, हा खेळ कुणाला ठाऊक नाही?

चेक परत आला तर ‘दिल्लीला कोण हेलपाटे घालणार’ हे रडगाणेही आता बंद करा. चेकच्या कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर आपले खाते ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात फिर्याद चालते. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत नोटीस मात्र गेलीच पाहिजे. साहेबांची मुदत आपल्याला लागू नसली तरी ही आहे, आणि निम्मे सभासद ती ‘देतो देतो’ ऐकण्यात घालवतात.

दिवाळीचा बंद पडण्याआधी प्रत्येक अडत्याने 45 दिवसांवरचे येणे खरेदीदाराच्या नावानिशी बंद पाकिटात असोसिएशनकडे द्यावे. त्यावरून यादी होईल; तीत तिघांचे थकवलेल्याच्या बोलीवर कुणीही माल सोडू नये. यादी बघूनही सोडलात, तर वसुलीचे पत्र आमच्याकडे पाठवू नका. छापणार नाही.