उधारीची खरी किंमत
शेतकरी उत्पादक कंपनीच्या कीटकनाशक खरेदीच्या बिलावर ‘10 दिवसांत भरणा केल्यास 2 टक्के सूट, अन्यथा 30 दिवसांत पूर्ण रक्कम’ अशी अट असेल, तर हिशोब करूनच निर्णय घ्यावा. 1 लाखाच्या बिलावर सूट सोडणे म्हणजे 98 हजार रुपये 20 दिवस वापरण्यासाठी 2 हजार मोजणे. वार्षिक दर सुमारे 37 टक्के. बँकेचे 12 टक्के दराचे व्याज तेवढ्या काळात 644 रुपयेच होते.

खरा तोटा मात्र शेतात होतो. थकबाकीदाराला उधार देणाऱ्याचाच माल खपवावा लागतो. गुलाबी बोंडअळीसाठीची फवारणी सलग 3 रात्री प्रति कामगंध सापळा 8 पतंग या आर्थिक नुकसानीच्या पातळीवर ठरावी, थकबाकीवर नव्हे. कीड सर्वेक्षणाइतकेच बिलवाचनही विस्तारकार्यात यावे.