सर, सुर आणि सिर्र

संगीतात एम. ए. किंवा पीएच. डी. करणाऱ्या मुलांना संशोधन पद्धती शिकवतात. गृहीतक कसं मांडायचं, प्रश्नावली कशी करायची, संदर्भसूची कशी लावायची. हे सगळं हवंच. पण आमच्या सांगली-मिरज-कोल्हापूर भागात बसून हिंदुस्थानी संगीतावर संशोधन करायचं, तर त्याआधी एक गोष्ट यायला हवी, ती म्हणजे उर्दू लिपी. कवी व्हायला नको, मुशायरा गाजवायला नको. समोर आलेलं पान आपलं आपल्याला वाचता यावं, एवढंच.

मी उर्दूचा मास्तर आहे म्हणून माझ्या विषयाची जाहिरात करतोय, असं कुणाला वाटेल. म्हणून आमच्या पलूसपासूनच सुरुवात करतो. या गावाचं नाव पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या आडनावातून देशभर पोचलं. त्यांचा जन्म 1872 मध्ये कुरुंदवाडला झाला, शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी, आणि वासुदेवबुवा शिकले ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँच्या घराण्यात. म्हणजे पलूस नावाच्या मागे चार पावलं गेलं, की खाँसाहेबांचा उंबरठा येतो. संशोधकाला तो ओलांडावा लागतो, आणि आत कागद असलेच तर ते बहुधा उर्दूत असतात.

अडचण नेमकी कुठे येते ते सांगतो. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. 'सीन' आणि 'रे' ही दोन अक्षरं जोडून लिहिली की तो शब्द 'सर' म्हणजे डोकं असू शकतो, 'सुर' असू शकतो आणि 'सिर्र' म्हणजे गुपितही असू शकतो. कोणता घ्यायचा हे मागचा-पुढचा मजकूर ठरवतो. माझ्याकडे कधीमधी संगीताचे विद्यार्थी मोबाइलवर एखाद्या जुन्या वहीच्या पानाचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "सर, एवढं देवनागरीत लिहून द्या." मी देतो. पण बंदिशीतला ब्रज शब्द मला माहीत नसतो आणि उर्दू अक्षर त्याला माहीत नसतं. आम्ही दोघांनी मिळून अंदाजाने केलेलं वाचन पुढे प्रबंधात 'मूळ पाठ' म्हणून छापलं जातं. ज्याला राग आणि बंदिश कळते त्यालाच लिपी येत असती, तर हा अंदाज कितीतरी पक्का झाला असता.

उर्दूत आहे तरी काय, असंही विचारतात. 19व्या शतकाच्या मध्यावर लखनौकडच्या मुहम्मद करम इमाम यांनी लिहिलेला 'मअदन-उल-मौसिकी' आहे. त्यात त्या काळच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची माहिती मिळते. भातखंड्यांचे स्नेही राजा नवाब अली यांचा 'मआरिफ-उन-नग़मात' आहे. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ यांनी आपल्या आठवणी नातू अज़ीज़ुद्दीन खाँना सांगितल्या, त्याही उर्दूत. त्यांचं इंग्रजी पुस्तक 2000 मध्ये आलं. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात नांदलेल्या गायकाचे शब्द आमची मुलं इंग्रजीतून वाचतात आणि त्यावर मराठीत प्रबंध लिहितात!

हे एकतर्फी नाही. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' गुरु-शिष्यांच्या संवादातून मराठीत लिहिली. अल्लादिया खाँचं चरित्र गोविंदराव टेंब्यांनी मराठीत लिहिलं. उर्दू शाळेत शिकलेल्या किती मुलांनी ती पुस्तकं हातात धरलीत? आमच्या समाजात बऱ्याच घरांत गाण्याचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात. ज्यांना लिपी येते ते संगीताकडे फिरकत नाहीत, आणि जे संगीत शिकतात ते लिपीकडे फिरकत नाहीत. मधल्या मध्ये ट्रंकेतल्या वह्यांना वाळवी लागते. घरातली जुनी माणसं गेली की वही कुणाची होती, हे सांगणाराही उरत नाही.

दुसरं कौशल्य श्रेय लिहिण्याचं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 22 श्रुतींवर काम केलं. त्यांचं इंग्रजी पुस्तक 1910 मध्ये निघालं. ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते काम पुढे नेलं. श्रुती मोजायला त्यांना आवाज मिळाला तो अब्दुल करीम खाँचा. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत देवल-क्लेमंट्सच्या श्रुती-हार्मोनियमवर वाद झाला आणि ती तिथे मान्य झाली नाही. निष्कर्ष चूक की बरोबर, हे जाणकारांनी ठरवावं. मला त्यात दिसतं ते असं, की गळा एकाचा आणि ग्रंथ दुसऱ्याचा. भातखंड्यांनीही जयपूरच्या मुहम्मद अली खाँ आणि आशिक अली यांच्याकडून पुष्कळ चिजा मिळवल्या. गवयांना शास्त्र ठाऊक नसतं, ही त्यांची तक्रारही प्रसिद्ध आहे. पण ज्याच्या गळ्यातून शास्त्र काढलं तो नुसता नमुना नव्हे, तोही जाणकारच. म्हणून विद्यार्थ्याने वहीत लिहावं: कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, कुठे बसून, त्यांनी ते कोणाकडून ऐकलं, छापायला परवानगी दिली का. एकच गोष्ट तिघांनी तीन तऱ्हेने सांगितली, तर तिन्ही लिहावीत. आवडलेली एक निवडून बाकीच्या पुसू नयेत.

"गाणं गळ्यात असतं, कागदात काय ठेवलंय?" असं रियाज करणारे म्हणतात. पण पलुस्करांनीच लाहोरला 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली. कागदाची किंमत त्यांना नीट कळली होती.

माझं म्हणणं अगदी छोटं आहे. मराठी मुलाला उर्दू अक्षरओळख व्हायला फार दिवस लागत नाहीत. रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत छापील पान अडखळत का होईना वाचता येतं. हस्ताक्षराला आणखी वेळ द्यावा लागतो. मिरज-सांगलीत उर्दू शाळा आहेत, शिकवणारे आहेत. संगीत विभागांनी त्यांना बोलवावं. आणि उर्दू शाळांनी आपल्या मुलांना एकदा मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात न्यावं, अब्दुल करीम खाँची कबर दाखवावी. हा माणूस 1872 मध्ये, म्हणजे पलुस्कर जन्मले त्याच वर्षी जन्मला, हेही सांगावं. त्यातलं एखादं पोर घरी जाऊन आजोबांची ट्रंक उघडेल. तिथून पुढे ज्याला वाचता येईल तोच संशोधक.