देहाचा जमाखर्च
पहाटे उठून नियमाने चालणाऱ्या, भाकरीचा चतकोरही मोजून खाणाऱ्या आणि तरीही वजनाचा काटा जागचा न हललेला पाहून खिन्न होणाऱ्या मनुष्यास दुबळ्या मनाचा ठरवून आपण त्याचा निकाल लावून टाकतो, हे मला सर्वथा अन्याय्य वाटते. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर प्रयोग करून त्यांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा वजन उतरले तसा त्यांच्या देहाचा विश्रांतीतील ऊर्जाखर्चही जवळजवळ 40 टक्क्यांनी घटला. आणि केव्हिन हॉल यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, वजन घटविण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी-स्पर्धेतील 14 स्पर्धकांची सहा वर्षांनी फेरतपासणी झाली, तेव्हा गेलेले वजन बऱ्याच अंशी परतले असूनही त्यांचा देह अपेक्षेहून दररोज सुमारे 500 कॅलरी कमीच खर्चीत होता. चरबी घटताच लेप्टिन हे संप्रेरक घटते, क्षुधा प्रबळ होते आणि देह, जणू दुष्काळ पडल्याप्रमाणे, उरलेली शिल्लक जपू लागतो. यात कसूर कोणाची म्हणावी? वजन तसूभर न उतरताही व्यायामाने रक्तशर्करा व रक्तदाब सुधारतात, हा लाभ मात्र कोणी हिशेबात धरीत नाही. वाचकहो, घरातील अशा माणसाच्या ताटाकडे रोखून पाहू नका. उद्या पहाटे त्याच्यासोबत चालावयास निघा.