आधी दुबार पेरणीचे पैसे बाजूला काढा

बँकेत गेलं की साहेब सांगतात, घरात तीन ते सहा महिन्यांचा खर्च कायम शिल्लक असावा. सल्ला चांगला आहे, पण तो एक तारखेला पगार होणाऱ्यांचा. कोरडवाहू शेतकऱ्याचा पगार वर्षातून एकदा होतो, तोही सोयाबीन बाजार समितीत गेल्यावर, दिवाळीच्या मागेपुढे. तेव्हा अडीनडीला किती पैसा ठेवायचा, हा हिशेब आपण हंगामावर मांडायला हवा.

पाच एकर कोरडवाहू सोयाबीनचं घर घ्या. घरखर्च महिन्याला १० हजार धरू. जूनमध्ये होता तो पैसा रानात जातो, नवा पैसा नोव्हेंबरात दिसतो. मधल्या पाच महिन्यांचे ५० हजार. कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात आधी भरायला १५ हजार. आणि पावसाने ओढ दिली, पेरलेलं मोडलं, तर बियाणं आणि ट्रॅक्टरची पेरणी मिळून एकरी चार हजारांप्रमाणे २० हजार. झाले ८५ हजार. आकडा ऐकून कुणीही म्हणेल, एवढे हातात असते तर सोसायटीच्या दारात कशाला गेलो असतो?

खरं आहे. म्हणून माझं म्हणणं, ८५ हजारांचं नंतर बघू. आधी ते २० हजार उभे करा.

कारण साधं आहे. किराणा दुकानदार दिवाळीपर्यंत थांबतो. दवाखान्याला भाऊबंद, सासुरवाडी, कुणीतरी धावून येतं. पण दुबार पेरणी एकट्याची नसते. ज्या दिवशी तुम्हाला बियाण्याची पिशवी हवी असते, त्याच दिवशी सगळ्या गावाला हवी असते. शेजारी रिकामा, पाहुणा रिकामा, बचत गटाची पेटीही रिकामी. कृषी केंद्रवाला पहिलीच उधारी दाखवतो. मग उरतो सावकार. शेकडा पाच रुपये महिन्याने जुलैत घेतलेल्या २० हजारांना नोव्हेंबरपर्यंत चार हजार व्याज होतं. म्हणजे एका एकराची पेरणी व्याजातच गेली!

अन् दोष दरवेळी पावसाचाच असतो असंही नाही. २०२० च्या जूनमध्ये पाऊस होता, पण सोयाबीनचं बियाणंच उगवलं नाही. मराठवाडा-विदर्भात तक्रारींचे ढीग लागले, पंचनामे झाले. वापसा मात्र पंचनाम्यासाठी थांबत नाही. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने आठ दिवसांत दुसऱ्यांदा पेरलं.

काहीजण म्हणतील, विमा आहे की. एक रुपयातला पीकविमा २०२३ ला आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. आता भरपाई ठरते पीककापणी प्रयोगावरून, आणि तो प्रयोग होतो काढणीला. जुलैतल्या पेरणीला त्याचा काय उपयोग?

हे २० हजार आणायचे कुठून? पीएम किसान आणि नमो शेतकरी, दोन्ही मिळून वर्षाला १२ हजार होतात. हप्ते वेळेवर पडतातच असं नाही, पण पडतील तसे त्यातले निम्मे तरी हलवू नयेत. माल विकताना दहा पोत्यांमागे एका पोत्याची पट्टी वेगळी ठेवावी. दोन हंगामांत रक्कम उभी राहते. शेळ्या हाही आपला जुना ठेवा आहे, पण दुष्काळात सगळेच विकायला काढतात आणि बाजार पडतो. सगळा भार त्यांच्यावर टाकू नये.

ठेवायचं कुठे, याचाही विचार हवा. ज्या बँकेत थकबाकी आहे तिथे नको, खात्याला होल्ड लागला तर ऐनवेळी हात बांधले जातात. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. व्याज जास्त म्हणून तिकडे धावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. आणि सगळं एकाच ठिकाणी नको. २०१६ च्या नोव्हेंबरात जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली, तेव्हा ज्यांचं एकमेव खातं तिथं होतं त्यांचे हाल गावाने पाहिले आहेत.

गटसचिव आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. एप्रिल-मेमध्ये कर्जवाटपाची यादी वाचता, त्याच बैठकीत प्रत्येकाला विचारा, दुबारची सोय आहे का? बाईमाणसांनाही त्या बैठकीला बोलवा, कारण घरात किती आहे हे बहुतेक घरांत त्यांनाच नीट माहीत असतं.