पलीकडून आवाज येत असेल, तर फोन तुम्ही करा

शेजारच्या घरातून आदळआपट, किंकाळी, मुलांचं भेदरलेलं रडणं तुमच्या कानावर आलं असेल, तर हे आवाहन तुम्हालाच आहे.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या काळात कौटुंबिक हिंसाचाराच्या २३९ तक्रारी आल्या. त्याआधीच्या २५ दिवसांत १२३ आल्या होत्या. लॉकडाऊनमुळे टपाल ठप्प असताना ज्यांना ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप जमलं, त्यांच्याच या तक्रारी. बाकीच्यांचं काय? एरवीही मार सोसणाऱ्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के मदत मागतात, असं २०१५-१६ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्या लॉकडाऊनमध्ये तर नवरा चोवीस तास घरात, कमाई बंद, मोबाइल एकच आणि तोही त्याच्या खिशात. तो कामावर गेला की आईला फोन करायचा, कामाच्या घरी कुणापाशी मन मोकळं करायचं, अगदीच असह्य झालं तर मुलांना घेऊन एसटीने माहेर गाठायचं, या सगळ्या वाटा बुजल्या. दहा बाय दहाच्या खोलीतून ती फोन करणार कसा?

म्हणून तो तुम्ही करा. ‘नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा’ हे कायद्याला मान्य नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं की हिंसा झाली, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. पुरावे गोळा करणं तुमचं काम नाही.

मारहाण चालू असेल तर लगेच ११२ लावा, मुंबईत १०३. पोलीस येईपर्यंत त्या घराची बेल वाजवा. ‘वहिनी, विरजण आहे का?’ एवढं विचारलंत तरी उगारलेला हात थांबू शकतो. मात्र त्याला जाब विचारू नका, आणि तिने तुम्हाला काही सांगितलं असेल तर त्याच्यासमोर त्याचा उच्चारही नको. तुम्ही आपल्या घरी परताल. तिला रात्र त्याच्याच सोबत काढायची आहे.

तिला फोन केलात तर आधी विचारा, ‘बोलता येतंय का?’ पुढचे प्रश्न ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागतील असेच ठेवा. मेसेज वाचून पुसायला सांगा. ‘निघून ये’ म्हणून मागे लागू नका. कधी निघणं जिवावर बेतेल, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. आधार कार्ड, औषधं, थोडे पैसे तुमच्याकडे ठेवायला दिले तर बिनबोभाट ठेवून घ्या.

सोसायटीच्या कमिट्यांना हात जोडून विनंती: तिला न्यायला भाऊ आला तर ‘बाहेरच्यांना बंदी’ म्हणून गेटवरून परत पाठवू नका. गेट उघडा. खरं तर घर तिने सोडावंच का? राहत्या घरात राहण्याचा हक्क तिला याच कायद्याने दिला आहे, आणि न्यायदंडाधिकारी मारहाण करणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश देऊ शकतात. पुणे जिल्हा परिषदेने तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बायकोला मारणाऱ्यांना संस्थात्मक विलगीकरणात पाठवण्याचं ठरवलं होतं.

वरचे क्रमांक आजच इमारतीच्या फलकावर, रेशन दुकानात, औषधाच्या दुकानात लावा. सोसायटीच्या ग्रुपवरही टाका आणि खाली लिहा: ‘कुठल्याही घरातून मारहाणीचा आवाज आला, तर आम्ही पोलिसांना बोलावू.’ त्या ग्रुपवर तोही असतो. त्यालाही वाचू द्या.